एका खुर्चीसाठी दोनशे वर्षं

गेल्या थँक्सगिव्हिंगला कॉलेजातून घरी आलेल्या आमच्या लेकीने जेवता जेवता जाहीर केलं, "मला ज्यू इतिहासात पीएच.डी. करायची आहे." सौ.च्या हातातला डाव आमटीच्या पातेल्यातच थांबला. मी मात्र कुठल्याही मराठी बापाने विचारला असता तोच प्रश्न विचारला, "आणि पुढे नोकरीचं काय?"

मंडळी, आमचं घर इंजिनियर-डॉक्टरांचं. इतिहासाची आवड मलाही आहे, पण ती रविवार सकाळच्या चहापुरती. सौ.चं माहेर अलिबागचं. लेक लहान असताना सुट्टीत गेलो की आजी तिला इस्राएल आळीतून फिरवून आणायची. तिथलं सिनेगॉग, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनवार तेल्यां'च्या गोष्टी, किहीमवरून केहिमकर आणि राजपुरीवरून राजपूरकर अशी आपल्यासारखीच आडनावं, हे सगळं तिच्या मनात घर करून बसलं होतं. तिला कोकणातल्या बेने इस्राएलांवर काम करायचं होतं आणि घरी शिकलेलं मराठी हे त्यासाठी आपलं भांडवल आहे, असं ती म्हणत होती.

"अगं, पण आपण ज्यू नाही. ज्यूंचा इतिहास शिकवायला तुला कोण नोकरी देणार?"

"बाबा, हाच प्रश्न उलट्या बाजूने दोनशे वर्षं विचारला गेलाय. ज्यू माणसाला ज्यूंचाच इतिहास शिकवायला विद्यापीठात कोण ठेवून घेणार? तू आधी वाच, मग आपण भांडू."

ती परत गेली आणि माझ्या टेबलावर पुस्तकांचा ढीग ठेवून गेली. मी हिवाळाभर वाचत बसलो. भांडायचं राहूनच गेलं. जे वाचलं ते आपल्या मंडळाच्या वाचकांना सांगावंसं वाटलं, कारण ही गोष्ट नुसती ज्यूंची नाही. आपली भाषा आणि आपला इतिहास परक्या देशातल्या विद्यापीठात शिकवला जावा, असं वाटणाऱ्या प्रत्येकाची आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या हार्वर्डपासून करू. १७२२ साली हार्वर्डने जूडा मोनिस नावाच्या माणसाला हिब्रू शिकवण्यासाठी नेमलं. त्या काळी हार्वर्ड मुख्यतः ख्रिस्ती धर्मोपदेशक तयार करणारं कॉलेज होतं आणि बायबलचा जुना करार मुळातून वाचता यावा म्हणून मुलांना हिब्रू घ्यावंच लागे. मोनिस जन्माने ज्यू. पण नेमणुकीच्या जेमतेम महिनाभर आधी त्याने बाप्तिस्मा घेतला होता. पुढे १७६० पर्यंत तो तिथे शिकवत राहिला. अमेरिकेत छापलेलं पहिलं हिब्रू व्याकरण त्याचंच, सालं १७३५. म्हणजे हिब्रू हवी होती, हिब्रू जाणणारा माणूस हवा होता, फक्त तो ज्यू राहिलेला नको होता.

आता शंभर वर्षं पुढे आणि अटलांटिकच्या पलीकडे, बर्लिनला जाऊ. १८१९ साली तिथल्या काही ज्यू तरुणांनी एक मंडळ काढलं. (मंडळ काढायची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही!) नाव होतं 'ज्यूंच्या संस्कृती आणि विद्येसाठी मंडळ'. ही पोरं जर्मन विद्यापीठांत शिकली होती. ग्रीक आणि रोमन साहित्याचा अभ्यास जसा हस्तलिखितं ताडून, काळ ठरवून, पुरावे देऊन होतो, तसाच आपल्या दोन हजार वर्षांच्या साहित्याचा का होऊ नये, असा त्यांचा सवाल. भक्तीसाठी पोथी वाचणं वेगळं आणि ती कोणी, केव्हा, कशासाठी लिहिली हे तपासणं वेगळं. या दुसऱ्या प्रकारच्या अभ्यासातून आजचं 'ज्यूइश स्टडीज' उभं राहिलं.

या मंडळातल्या तिघांची गोष्ट सांगतो.

पहिला एदुआर्द गान्स. कायद्याचा पंडित, हेगेलचा शिष्य. प्रशियाने १८१२ च्या फर्मानाने ज्यूंना विद्यापीठात शिकवायची मुभा दिली होती. गान्सने त्या आधारावर प्राध्यापकाची जागा मागितली. १८२२ मध्ये राजाने ती मुभाच काढून घेतली. एका माणसाच्या अर्जामुळे नियम बदलला, म्हणून त्या हुकुमाला लोक 'लेक्स गान्स', म्हणजे गान्सचा कायदा म्हणू लागले. १८२५ च्या डिसेंबरात गान्सने बाप्तिस्मा घेतला. १८२६ मध्ये नेमणूक आणि १८२८ मध्ये पूर्ण प्राध्यापकपद! त्याच्या वर्गात पुढे कार्ल मार्क्स बसला.

दुसरा कवी हाइनरिश हाइने. त्यानेही १८२५ मध्येच बाप्तिस्मा घेतला, पण त्याच्या पदरात नोकरी काही पडली नाही. मंडळ तर त्याआधीच, १८२४ मध्ये, बंद पडलं होतं.

तिसरा लिओपोल्ड झुंझ, ज्याने धर्म सोडला नाही. हा माणूस या विद्याशाखेचा जनक मानला जातो. १८३२ मध्ये त्याने सिनेगॉगमधल्या प्रवचनांच्या परंपरेचा इतिहास लिहिला. त्या विषयातलं काम आजही तिथूनच सुरू होतं. पण पोटासाठी त्याने काय केलं? वर्तमानपत्राच्या कचेरीत परदेशी बातम्यांची भाषांतरं केली, ज्यू समाजाच्या प्राथमिक शाळेची हेडमास्तरकी केली, पुढे मास्तर तयार करणाऱ्या विद्यालयाचा प्रमुख झाला. संशोधन चालायचं ते रात्री.

त्याच्या विद्येचा व्यवहारात उपयोग झाल्याचा एक मजेदार प्रसंग आहे. १८३६ मध्ये प्रशियाच्या सरकारने ठरवलं की ज्यूंनी मुलांना 'ख्रिस्ती' नावं ठेवू नयेत. बर्लिनच्या ज्यू समाजाने झुंझला गाठलं. त्याने जुने कागद, थडग्यांवरचे लेख आणि ग्रंथ धुंडाळून एक छोटं पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की ज्यू लोक हजारो वर्षं शेजाऱ्यांची नावं घेत आले आहेत. नावाला धर्म नसतो, हे त्याने पुराव्याने सिद्ध केलं. आपल्या अलिबागच्या केहिमकरांची आठवण झाल्याशिवाय राहते का?

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचे वारे वाहत होते. झुंझला वाटलं, आता तरी. त्याने सरकारकडे रीतसर मागणी केली की बर्लिन विद्यापीठात ज्यू इतिहास आणि साहित्याचं अध्यासन असावं. मंत्रालयाने ती विद्यापीठाकडे धाडली आणि विद्यापीठाने ती फेटाळली. मतितार्थ असा की विद्यापीठ सर्वांसाठी आहे, ज्यूंचं वेगळेपण जोपासणं हे त्याचं काम नाही, आणि रब्बी तयार करायचे असतील तर ते ज्यू समाजाने आपलं आपण पाहावं. ख्रिस्ती धर्मशास्त्राची अख्खी शाखा त्याच विद्यापीठात होती, याची कोणाला अडचण वाटली नाही.

मग समाजाने खरंच आपलं आपण पाहिलं. १८५४ मध्ये ब्रेस्लाउला, १८७२ मध्ये बर्लिनला, अशी रब्बींना शिकवणारी उच्च विद्यालयं समाजाच्या देणग्यांतून उभी राहिली. ज्यू विद्वानांना पहिल्यांदा पगाराच्या जागा मिळाल्या त्या इथे. हाइनरिश ग्रेट्झने ब्रेस्लाउला शिकवता शिकवता ज्यूंचा मोठा बहुखंडी इतिहास लिहिला. पण या जागांना कुंपण होतं. विद्यार्थी आपले, शिक्षक आपले, वाचकही आपले. बाहेरच्या जगाच्या लेखी हा 'त्यांचा घरगुती' विषय राहिला.

हे कुंपण नको म्हणणाराही एक जण निघाला. मोरित्झ श्टाइनश्नायडर. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातल्या हिब्रू पुस्तकांची त्याची सूची म्हणजे या विषयाचा पायाच. त्याला रब्बी-विद्यालयांतून बोलावणी आली. त्याने ती नाकारली, कारण त्याच्या मते या विषयाची जागा विद्यापीठातच होती. विद्यापीठाने काही बोलावलं नाही. तेव्हा तो बर्लिनच्या ज्यू समाजाच्या मुलींच्या शाळेचा मुख्याध्यापक झाला, जोडीला राजग्रंथालयात साहाय्यकाची नोकरी करत राहिला. १९०७ मध्ये, नव्वदी ओलांडून, वारला. तत्त्वासाठी उभं आयुष्य असं काढणारी माणसं आपल्याकडेही झाली आहेत, त्यामुळे आपल्याला ती चटकन कळतात.

आता थोडं आपल्या घराकडे वळू, कारण नेमक्या त्याच काळात मुंबईतही असंच काही घडत होतं. जोसेफ इझिकेल राजपूरकर हे मुंबईतल्या डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणूनही काम केलं. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची पोथी, म्हणजे हागादा, मराठी भाषांतरासह आणि चित्रांसह छापली गेली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्राएल मुलांसाठी शाळा काढली. त्याच केहिमकरांनी आपल्या समाजाचा समग्र इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो छापला कधी गेला? १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखक जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून! केहिमकरांनी ते लिहिलं ते नोकरी आणि शाळेचा व्याप सांभाळून. बर्लिनचा झुंझ आणि मुंबईचे केहिमकर एकमेकांना ओळखत नव्हते, पण दोघांचं दुखणं एकच. विद्वत्ता होती, तिला बसायला खुर्ची नव्हती.

ती खुर्ची मिळाली अमेरिकेत, आणि तीही गंमत म्हणजे जिथून आपण सुरुवात केली त्या हार्वर्डमध्ये.

हॅरी वुल्फसन हा लिथुआनियाच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेला गरीब मुलगा. शिष्यवृत्तीवर हार्वर्डला शिकला आणि १९१५ पासून तिथेच शिकवू लागला. पण जागा कच्ची. पगाराची तरतूद बरीचशी बाहेरच्या ज्यू देणगीदारांकडून व्हायची. मध्यंतरी तर तो न्यूयॉर्कच्या रब्बी-विद्यालयातही शिकवायला जात असे. त्याच सुमाराला, १९२२ मध्ये, हार्वर्डच्या अध्यक्षांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. अशा हवेत १९२५ साली लुशियस लिटावर या हातमोज्यांच्या कारखानदाराने आपल्या वडिलांच्या नावाने हार्वर्डला अध्यासन दिलं. लिटावर स्वतः हार्वर्डचाच माजी विद्यार्थी आणि तिथल्या फुटबॉल संघाचा पहिला कोच. त्या अध्यासनावर वुल्फसन बसला तो १९५८ पर्यंत. मोनिसपासून मोजलं तर बरोबर दोनशे तीन वर्षांनी हार्वर्डने हिब्रू शिकवायला ज्यू माणूस ज्यू म्हणूनच कायमचा ठेवून घेतला.

इथे अध्यासन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आपल्या मंडळींत याबद्दल गैरसमज फार. देणगीदार एकरकमी पैसे देतो. विद्यापीठ ते गुंतवतं, मुद्दलाला हात लावत नाही. दरवर्षी चार-पाच टक्के काढून त्यातून प्राध्यापकाचा पगार आणि थोडा संशोधनाचा खर्च निघतो. त्यामुळे देणगीदार गेला, अध्यक्ष बदलले, विषयाची फॅशन ओसरली, तरी खुर्ची राहते. आजच्या घडीला मोठ्या विद्यापीठात यासाठी काही दशलक्ष डॉलर लागतात. आणि महत्त्वाचं म्हणजे खुर्चीवर कोण बसणार हे विद्यापीठ ठरवतं, देणगीदार नाही.

दुसरी खुर्ची कोलंबियाची. ज्या कोलंबियात बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ शिकले, तिथेच १९३० मध्ये सालो बॅरन ज्यू इतिहासाचा प्राध्यापक म्हणून रुजू झाला. पोलंडमधल्या टार्नूफ गावचा, व्हिएन्नाहून तीन डॉक्टरेट घेऊन आलेला. त्याने एक हट्ट धरला. मला सेमिटिक भाषांच्या विभागात बसवू नका, इतिहास विभागात बसवा. हा हट्ट मानापमानाचा नव्हता. ज्यूंचा इतिहास हा जगाच्या इतिहासाचा भाग आहे, तो फ्रान्स किंवा इंग्लंडच्या इतिहासाशेजारीच शिकवला गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. ज्यूंचा इतिहास म्हणजे फक्त छळ आणि अश्रू ही समजूतही त्याने खोडून काढली. छळाच्या मधल्या शतकांत लोक व्यापार करत होते, लग्नं लावत होते, भांडत होते, पुस्तकं लिहीत होते. तो सगळा इतिहास लिहायला हवा, असं तो सांगत राहिला. आणि याच माणसाचे आईवडील आणि बहीण नाझींच्या हातून मारले गेले. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइकमनवर खटला चालला तेव्हा साक्षीला इतिहासकार म्हणून बोलावला तो बॅरनच.

हिवाळ्यात वाचलेल्यातला मला सर्वांत अस्वस्थ करून गेलेला भाग आता येतो. आपल्यापैकी प्रत्येकाने व्हिसाची फाइल हातात धरून कौन्सुलेटच्या रांगेत घाम पुसलेला आहे. त्यामुळे हे सावकाश वाचा.

अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले. (आपल्या लोकांना तर १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी दारच बंद होतं.) पण त्यात एक फट होती. दोन वर्षं उच्च शिक्षण संस्थेत शिकवलेला प्राध्यापक असेल आणि इथल्या संस्थेने त्याला नेमणूक दिली असेल, तर तो कोट्याबाहेर येऊ शके. हिटलर सत्तेवर आल्यावर सिनसिनाटीच्या हिब्रू युनियन कॉलेजचे अध्यक्ष ज्युलियन मॉर्गेनस्टर्न यांनी ही फट धरून युरोपातल्या ज्यू विद्वानांना नेमणुकीची पत्रं पाठवायला सुरुवात केली. अकरा विद्वान अशा रीतीने त्या कॉलेजात पोचले. त्यांतला एक अब्राहम जोशुआ हेशेल. वॉर्सावर जर्मन फौजा चालून जायच्या काही आठवडे आधी तो लंडनला निसटला आणि १९४० मध्ये अमेरिकेत आला. आई आणि बहिणी मागे राहिल्या, त्या वाचल्या नाहीत. १९६५ मध्ये सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंगबरोबर पहिल्या रांगेत चालणारा पांढऱ्या दाढीचा माणूस तो हाच.

आणि ज्याला पत्र मिळूनही येता आलं नाही, तो आर्थर श्पानियर. बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयातल्या हिब्रू विभागाचा हा ग्रंथपाल. नाझींनी त्याला काढल्यावर बर्लिनच्या त्या १८७२ च्या विद्यालयात शिकवू लागला. सिनसिनाटीचं नेमणूकपत्र त्याच्या हातात होतं. पण नाझी सरकारने त्या विद्यालयाचा उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा काढून घेतला होता. अमेरिकन अधिकाऱ्यांनी नियम दाखवला की खालच्या दर्जाच्या संस्थेतला शिक्षक म्हणजे कायद्यातला प्राध्यापक नव्हे. ज्यांनी त्याला देशोधडीला लावलं त्यांनीच ठरवलेला दर्जा इथे ग्राह्य धरला गेला. श्पानियर हॉलंडला पळाला, पकडला गेला आणि बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत मेला. संस्थेच्या पाटीवरचा एक शब्द! १८४८ मध्ये बर्लिन विद्यापीठाने झुंझला हो म्हटलं असतं तर शंभर वर्षांनी चित्र वेगळं दिसलं असतं का, असा प्रश्न मला पडला. उत्तर कोणी देऊ शकणार नाही, पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. तोवर मी अध्यासन म्हणजे मानसन्मानाची गोष्ट समजत होतो.

बर्लिनचं विद्यालय १९४२ मध्ये बंद केलं गेलं. युरोपातलं ग्रंथांचं आणि गुरुशिष्यांचं सगळं जग उद्ध्वस्त झालं. जे उरलं ते दोन ठिकाणी, १९२५ मध्ये उघडलेल्या जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आणि अमेरिकेत.

युद्धानंतर अमेरिकेत वारं फिरलं. ज्यू विद्यार्थ्यांवरच्या मर्यादा गेल्या. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी शाळेत बायबलचं भक्तिपठण चालणार नाही, पण धर्मांचा अभ्यास करायला हरकत नाही. त्याने विद्यापीठांत धर्म-अभ्यासाच्या विभागांना जोर आला. मग कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या इतिहासाचे विभाग मागितले आणि मिळवले. १९६७ च्या युद्धाने ज्यू तरुणांत स्वतःबद्दल नवी जाण आली. १९६० च्या दशकाच्या मध्याला या विषयाच्या पूर्णवेळ जागा साऱ्या अमेरिकेत साठेक होत्या. १९६९ च्या सप्टेंबरात सत्तेचाळीस अभ्यासक ब्रँडाइस विद्यापीठात जमले आणि 'असोसिएशन फॉर ज्यूइश स्टडीज' स्थापन झाली. आज तिची सभासदसंख्या हजारांत मोजली जाते आणि दर डिसेंबरात तिचं अधिवेशन भरतं. आपल्या अधिवेशनासारखंच, म्हणजे खाणं आणि भेटीगाठी भरपूर, पण तिथे पीएच.डी.ची पोरं नव्या सुटात नोकरीच्या मुलाखतींना उभी असायची. आता पहिली फेरी बहुधा व्हिडिओवर होते.

मग माझा मूळ प्रश्न. ज्यू नसलेल्याला ही नोकरी मिळते का? कायदा धर्म विचारू देत नाही. पण हा प्रश्न सोपा गेला असंही नाही. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात ज्यू अभ्यासाच्या प्रमुखपदी एका कॅथलिक प्राध्यापकाची नेमणूक झाली. त्यावर वादळ उठलं आणि त्याने पद सोडलं. त्यावेळी अनेक ज्यू विद्वानांनीच त्याची बाजू घेतली होती. त्यांचं म्हणणं असं की ज्या विषयाला विद्यापीठात जागा मिळावी म्हणून आपले पूर्वज भांडले, तो जन्मावरून वाटून द्यायचा असेल तर मग रब्बी-विद्यालयंच काय वाईट होती? आज या क्षेत्रात ज्यू नसलेले अभ्यासक सर्रास दिसतात.

आणि या अभ्यासाचा फायदा फक्त ज्यूंना झाला असंही नाही. १८९६-९७ मध्ये केंब्रिजच्या सॉलोमन शेख्टरने कैरोच्या जुन्या सिनेगॉगच्या कोठीतून जवळजवळ दोन लाख जुने कागदांचे तुकडे आणले. पुढे श्लोमो गोइटाइन या प्राध्यापकाला त्यात भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रं सापडली. त्यांतला अब्राहम बेन यिजू हा ट्युनिशियाचा व्यापारी बाराव्या शतकात मंगळूरला सतरा-अठरा वर्षं राहिला. तिथे त्याचा पितळी भांड्यांचा कारखाना होता. ११३२ मध्ये त्याने अशू नावाच्या दासीला मुक्त केल्याचा दस्तऐवज आजही आहे. सुपारी, मिरी आणि लोखंडाचे हिशेब त्या पत्रांत आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा हा इतिहास आपल्याला कोणी सांगितला? ज्यूंचे जुने कागद अभ्यासणाऱ्या माणसाने. गोइटाइन १९८५ मध्ये गेला, आणि त्याचं भारतावरचं पुस्तक त्याच्या सहकाऱ्याने पुरं करून २००८ मध्ये छापलं.

लेकीने मला व्यवहारही समजावला. जाहिराती शरद ऋतूत निघतात. अर्ज, प्रबंधाचं एक प्रकरण, तीन शिफारसपत्रं. मग दोन-तीन जणांना कॅम्पसवर बोलावून व्याख्यान द्यायला लावतात. जागा मिळाली तरी साधारण सहा वर्षांनी टेन्यूरची परीक्षा. शिवाय फिलाडेल्फियाचं केंद्र आहे. १९०७ च्या ड्रॉप्सी कॉलेजचं ते आजचं रूप, १९९३ पासून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सामील झालेलं. तिथे दरवर्षी एक विषय ठरवून जगभरच्या अभ्यासकांना वर्षभरासाठी फेलोशिप देऊन एकत्र बसवतात. जर्मनीने दिलेल्या भरपाईच्या पैशातून १९६५ मध्ये एक न्यास उभा राहिला, त्यातून शिष्यवृत्त्या देण्यात आल्या. बेने इस्राएलांवर काम करणारी मुलगी इतिहास, धर्म-अभ्यास आणि दक्षिण आशिया, अशा तिन्ही विभागांत अर्ज करू शकते. पण २००८ च्या मंदीनंतर या सगळ्या शाखांतल्या कायमच्या जागा आटल्या आहेत, ज्यू अभ्यासातल्याही. हे तिनेच सांगितलं, लपवलं नाही.

बर्लिनच्या शेजारी पॉट्सडाम आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठात २०१३ मध्ये ज्यू धर्मशास्त्राची पूर्ण शाखा सुरू झाली. जर्मनीतली पहिली. झुंझच्या अर्जानंतर एकशे पासष्ट वर्षांनी.

आता आपलं काय? अमेरिकेतल्या मराठीच्या अभ्यासाचा बराच भार एलेनॉर झेलियट आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांच्यासारख्यांनी स्वतःच्या ओढीने वाहिला. त्या आपल्या समाजातल्या नव्हत्या. झेलियट २०१६ मध्ये गेल्या. अशी माणसं निवृत्त होतात तेव्हा त्यांच्या जागी पुन्हा मराठी जाणणाराच येईल याची हमी नसते, कारण ती खुर्ची मराठीची नसते. आपण नाटकं आणतो, गायक आणतो, गणपती थाटात बसवतो. ते हवंच. पण झुंझच्या बर्लिनमध्येही उत्सव होत होते, ज्ञान मात्र रात्रीच्या वेळात आणि पदरमोड करून चाललं होतं.

दशलक्ष डॉलर उद्या कुठून येणार, हे मलाही माहीत आहे. पण लिटावरच्या आधी दहा वर्षं वुल्फसनचा पगार छोट्या देणग्यांवर चालला होता, हेही विसरू नये. मंडळाने दरवर्षी एका विद्यार्थ्याला, मग तो कोणाचाही असो, उन्हाळ्यात मराठी शिकायला किंवा मराठी कागदपत्रं वाचायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली तर? कोणाला द्यायची ते आपण ठरवू नये, एखाद्या विद्यापीठाला ठरवू द्यावं. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी हा ठराव मांडणार आहे. पहिला चेक माझा.

लेकीला प्रवेश मिळाला. ऑगस्टपासून ती हिब्रू गिरवते आहे आणि फोनवर आईला जुन्या मोडीतल्या अक्षरांबद्दल विचारते, जी आम्हा दोघांनाही येत नाहीत. परवा मी न राहवून पुन्हा विचारलंच, "नोकरी मिळेल ना गं?"

"माहीत नाही बाबा," ती म्हणाली. "पण या वेळी निदान मागायला खुर्ची तरी आहे."

सौ. म्हणाली, "मोडी शिकवणारं कोणी न्यू जर्सीत आहे का, ते आधी शोधा." शोधतो आहे. वाचकांपैकी कोणाला येत असेल तर जरूर कळवा.